पान तपकिरी होणारच, पण ते आधी सांगायला हवं

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार. माझं वय ५४. कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. वडील थिएटरांचे बोर्ड रंगवायचे. मोठा भाऊ रीतसर कलाशिक्षण घेतलेला, निसर्गचित्रं करतो. मी घरसंसार सांभाळून गेली ९ वर्षं कोलाज करते. वाळकी पानं, साली, शेंगा, उसाचं पाचट, साड्यांचे काठ, रद्दीत मिळालेले मोडीचे कागद, त्यावर थोडा रंग, थोडा धागा. चिकटवायला वडिलांसारखीच गव्हाची खळ. रंकाळा, कात्यायनी, दाजीपूर, जिथं जाईन तिथून पिशवी भरून आणते. जानेवारीत शाहू स्मारकच्या कलादालनात माझं पहिलं प्रदर्शन ठरलंय, पैसेही भरलेत.

दीड वर्षापूर्वी शेजारच्या वहिनींनी माझं एक चित्र ४,५०० रुपयांना घेतलं. श्रावणात केलेलं, गणपतीआधी घाईनं फ्रेम करून दिलेलं. त्यातली हिरवी पानं तपकिरी पडलीत आणि काचेच्या आत कोपऱ्यात पिठासारखी पूड साचलीय. परवा भिशीत सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, "आम्ही काय पाचोळा विकत घेतला व्हय?" मला मान वर करता आली नाही. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "तरी मी सांगत होतो, ही शाळेतली हस्तकला आहे, चित्र नव्हे. कोल्हापुरात असलं मांडून हसं करून घेऊ नकोस."

प्रदर्शन रद्द करू का? की पानांवर हिरवा ॲक्रिलिक मारून वर वॉर्निश देऊ, म्हणजे टिकतील? आणि किंमत तरी कुठल्या तोंडानं लावू?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

प्रदर्शन रद्द करू नका आणि पानांना हिरवा रंग मारू नका. हे दोन आधी सांगून टाकते, कारण पत्र वाचताना वाटलं की तुम्ही ब्रश हातात घेऊनच बसल्या असाल. तो खाली ठेवा. आता निवांत बोलू.

वहिनी जे बोलल्या ते चारचौघांत बोलायचं नव्हतं. पण त्यांची तक्रार खोटी नाही. त्या म्हणतात, पैसे देऊन घेतलेली वस्तू बिघडली. भाऊ म्हणतो, ही कलाच नव्हे. या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्ही दोन्हींचं एकच गाठोडं बांधून डोक्यावर घेतलंय. आधी ते सोडवू या. वहिनींना उत्तर द्यायला तुम्ही बांधील आहात. भावाला नाही.

त्या चित्राचं झालं काय, ते तुमच्याच पत्रात आहे. श्रावणात केलं, खळीनं चिकटवलं, गणपतीआधी घाईनं फ्रेम केलं. श्रावणातलं पान हाताला कोरडं लागलं तरी आतून कोरडं नसतं. आपल्याकडं त्या दिवसांत पापड सादळतो, काड्यापेटी पेटत नाही, तिथं दाबलेलं पान कुठून सुकणार? असं पान खळीवर बसवून, मागं हार्डबोर्ड, पुढं काच लावून बंद केलं की आतला ओलावा आतच राहतो. आणि खळ म्हणजे शेवटी पीठ. वाळकं पान आणि पीठ यांवर जगणारे बारीक भुंगे असतात, त्यांची अंडी पानाबरोबरच घरात येतात. काचेमागं दिसतेय ती पूड त्यांचीच. ही चूक तुमच्या पद्धतीत होती आणि ती तुम्हाला सुधारता येते.

कीड लागू नये म्हणून वडील खळीत मोरचूद घालत असतील, पुस्तकं बांधणारे जुने बाइंडरही घालायचे. तुम्ही तो घालायला जाऊ नका. मोरचूद विषारी, तुम्ही हातानं काम करता, शिवाय कागदालाही तो पुढं जाऊन बाधतो. पानांसाठी पांढरा गोंद बरा. थोडं पाणी घालून पातळ करा, ब्रशनं हलका हात फिरवा, वर बटर पेपर ठेवून जाड पुस्तकांचं वजन द्या. पान दाबताना रद्दीचे कागद पहिला आठवडाभर रोज बदला. त्या बदलण्याचा कंटाळा केला की बुरशी आलीच. आणि फ्रेमिंग दिवाळीनंतर. पावसाळ्यात पानं गोळा करा, रेखाटनं करा, रंगकाम करा, पण काच लावू नका.

ज्या कामांत कीड लागल्याची शंका असेल ती फ्रेममधून काढून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि २ आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा. वनस्पतींचे नमुने जपणारे लोक हेच करतात. उणे १८-२० अंशांत भुंगे आणि अंडी दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, दिवसभर तशीच राहू द्यायची, नाहीतर थंड पानावर दव धरतं आणि सगळं मुसळ केरात. मोठी कामं घरच्या फ्रीजमध्ये मावणार नाहीत. ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याकडं विचारा. लाजू नका.

फ्रेमवाल्याला दोनच गोष्टी ठासून सांगा. पान काचेला टेकता कामा नये, मध्ये पट्टी घालून फट ठेवायची. आणि कामाच्या मागं ॲसिड-फ्री माउंट, म्हणजे आम्ल नसलेला पुठ्ठा, हार्डबोर्ड त्याच्याही मागं. तो म्हणेल, "एवढं कोण बघतंय?" तुम्ही म्हणा, मी बघते.

आता तपकिरी होण्याचं. त्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय.

पानाचा हिरवा म्हणजे हरितद्रव्य, क्लोरोफिल. जिवंत पान ते सारखं मोडतं आणि सारखं नवं बनवतं. तोडलेल्या पानात नवं बनणं थांबतं, मोडणं चालू राहतं. उजेड आणि हवा मिळाली की भराभर. मग खालचा पिवळा दिसतो, तोही हळूहळू विरतो, आणि पानातली टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, हवेनं काळवंडत तपकिरी रंग वर येतो. वॉर्निशनं हे थांबत नाही. वॉर्निशमधून उजेड आत जातोच. उलट पान आकसतं, वॉर्निशचा थर आकसत नाही, मग त्याला तडे जाऊन पापुद्रे सुटतात. अतिनील किरण अडवणारी महाग काच मिळते, तिनं वेग कमी होतो, इतकंच. आणि वरून हिरवा ॲक्रिलिक मारलात तर ते पान राहिलंच कुठं? शिरा बुजतात, पोत जातो. खऱ्या पानाच्या अंगावर पानाचं सोंग चढवल्यासारखं होईल ते. तुमच्या ९ वर्षांच्या कामावर तुम्हीच असा रंग फासावा, हे मला बघवणार नाही.

माझ्या लिहायच्या टेबलासमोर पोस्टकार्डाएवढं एक चित्र आहे. २३ वर्षांपूर्वी एका लहानशा प्रदर्शनात घेतलेलं. पांढऱ्या कागदावर गोकर्णाची ३ फुलं, खाली दोऱ्याचा एक टाका, बस्स. घेतलं तेव्हा फुलं इतकी निळी होती की कागद निळा वाटायचा. पैसे दिल्यावर त्या बाईंनी चित्र उलटं केलं आणि पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेलं मला वाचायला लावलं. "गोकर्ण. अंगणातला. नवरात्रात दाबला. निळा उडेल, शिरा राहतील." आणि खाली तारीख. मी ते वाचून घेतलंय. पुढं निळा खरोखरच उडाला. आधी कडेचा, मग मधला. आज पाकळ्यांचा रंग चहाच्या डागासारखा आहे, आणि शिरा मात्र केसागणिक मोजता येतात, ज्या पूर्वी निळ्याखाली मला कधी दिसल्याच नव्हत्या. या २३ वर्षांत मला एकदाही वाटलं नाही की आपण फसलो. त्या बाईंनी मला सांगून दिलं होतं.

वहिनींना तुम्ही सांगितलं नव्हतं. तुमची खरी चूक मला एवढीच दिसते. भुंग्यांपेक्षाही मोठी आहे ती, पण सुधारायला सोपी.

वनस्पतिशास्त्राच्या विभागात कधी हर्बेरियम पाहिलंय? नसेल तर शिवाजी विद्यापीठात परवानगी काढून एकदा जाऊन या. तिथं दाबून ठेवलेल्या प्रत्येक नमुन्याच्या कोपऱ्यात चिठ्ठी असते. झाडाचं नाव, कुठं मिळालं, कोणत्या तारखेला, कुणी गोळा केलं. पान तपकिरी झालंय म्हणून तो नमुना कुणी टाकून देत नाही. चिठ्ठीमुळं त्याची किंमत वर्षागणिक वाढते. तुमच्या प्रत्येक चित्राच्या पाठीवर अशी चिठ्ठी हवी, तुमच्या अक्षरात. "उंबराची साल, रंकाळ्याच्या कडेची, मार्गशीर्ष. करंजाची पानं हिरवी आहेत, दोनेक वर्षांत तपकिरी होतील. उन्हाच्या भिंतीवर लावू नये." घेणाऱ्याला हे पैसे देण्याआधी वाचून दाखवा. कुणी म्हणेल, मग नको. तर नको. ज्याला चालेल तो मनापासून घेऊन जाईल.

ज्या चित्रात हिरवा हवाच, तो गेला तर चित्रच पडतं, तिथं काय करायचं? यासाठी तुम्हाला एक गोष्ट सांगते. मेरी डिलेनी नावाची एक इंग्रज बाई होती. पती वारल्यावर, वयाच्या ७२व्या वर्षी तिनं रंगीत कागदाचे बारीक बारीक तुकडे कात्रीनं कापून काळ्या कागदावर फुलझाडं चिकटवायला सुरुवात केली. एकेका फुलात कागदाचे शेकडो तुकडे. नजर अधू होऊन हात थांबेपर्यंत, साधारण १० वर्षांत, हजाराच्या जवळपास चित्रं झाली. १७७२च्या सुमारास सुरू झालेलं ते काम आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आणि तुमच्या उपयोगाची गोष्ट म्हणजे, मधूनच कुठंतरी तिनं कागदाच्या पानांत त्याच झाडाचं एखादं खरं पान चिकटवलंय. रंग कागदाला सांभाळू दिला आणि थोडी जागा खऱ्या पानाला दिली.

तुम्हीही तसं करा. हिरवा हवा तिथं कागद घ्या, चांगल्या प्रतीचे जलरंग घेऊन तो स्वतः रंगवा, हातानं फाडा. शिरा, कड, जाळी, किडीनं पाडलेलं भोक हवं तिथं खरं पान. नाहीतरी आपल्या भागात जन्मतः तपकिरी असलेलं किती काय आहे! उसाचं पाचट, मक्याच्या कणसाची पानं, सुपारीची विरी, निलगिरीची सुटलेली साल, बहाव्याची शेंग, केळीचं सोपट. यांच्याकडून कुणी हिरवेपणाची अपेक्षाच करत नाही. पाचटाचा तो फिका सोनेरी रंग तर मला आपल्या जिल्ह्याचा रंग वाटतो. गुऱ्हाळाच्या चुलवणात जाण्याआधी त्यातलं थोडं तुमच्या हाती लागतंय, ही चांगलीच गोष्ट आहे.

आणि पिंपळाची जाळी. पत्रात तिचा उल्लेख नाही याचं आश्चर्य वाटलं, कारण पुस्तकात पिंपळपान न ठेवलेली मुलगी कोल्हापुरात सापडायची नाही. मडक्यात पाणी घालून पानं ३-४ आठवडे कुजू द्या, मग नळाच्या बारीक धारेखाली दात घासायच्या मऊ ब्रशनं हिरवा गर काढा. घाण वास येतो, परसात करा. शिरा का उरतात, तर त्यांत लिग्निन नावाचं कडक द्रव्य असतं आणि ते सहज कुजत नाही. गंमत बघा, वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडतो तोही याच लिग्निनमुळं. म्हणून वर्तमानपत्राची कात्रणं चित्रात घेताना जपून, थोडे दिवस उन्हात राहिली तरी ती हळदुली होतात.

आता दादांचं.

तुमचे दादा म्हणतात ते कोल्हापूर मी ओळखते. इथं हुबेहूब चित्राला मान आहे आणि तो मान कमावलेला आहे. आबालाल रहिमान यांच्या कोटीतीर्थाच्या आणि रंकाळ्याच्या निसर्गचित्रांपुढं उभं राहिलं की माझाही आवाज खाली येतो. पण याच गावात अभिनेते चंद्रकांत मांढरे यांनी पावडर शेडिंगमध्ये निसर्गचित्रं केली. तैलरंग नाही, जलरंग नाही, नुसती पावडर. राजारामपुरीत त्यांचं कलासंग्रहालय आहे, दादांना घेऊन जा आणि विचारा, हे चित्र का नव्हे? कागद किंवा कापड चिकटवून केलेलं चित्र म्हणजे हस्तकला, हे जगानं १९१२ सालीच सोडून दिलं. त्या वर्षी पिकासोनं कॅनव्हासवर खुर्चीच्या वेताची छपाई असलेलं मेणकापड चिकटवलं आणि चौकटीऐवजी दोरखंड गुंडाळला. आपल्याच देशात, कोलकात्याजवळच्या खेड्यात राहणाऱ्या शकिला या कलावतीनं कागदी पिशव्या करता करता रद्दीच्या कागदांतून कोलाज उभं केलं, आणि तिचं काम कलादालनांत मानानं लागलं. हे सगळं दादांना माहीत असणारच, ते शिकलेले आहेत. मला वाटतं त्यांना कोलाजची अडचण नाही. धाकटी बहीण न शिकता भिंतीवर आपलं नाव लावतेय, ही आहे. किंवा खरोखरच भीती वाटत असेल की लोक तुम्हाला हसतील. मोठ्या भावांना तशी भीती वाटते आणि ती ते रागावूनच बोलून दाखवतात. कुठलं खरं, ते तुम्ही जाणता.

मला मात्र पत्रातल्या एका वाक्यापाशी थांबावंसं वाटलं. वडील थिएटरांचे बोर्ड रंगवायचे.

लहानपणी शाळेला जाताना आमच्या वाटेवर एक थिएटर होतं. गुरुवारी संध्याकाळी शिडी लागायची. मी आणि माझी मैत्रीण समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून बघायचो. पेंटरमामा बादलीतला पांढरा घेऊन नायकाच्या तोंडावर रुंद ब्रश फिरवायचे. आधी हनुवटी जायची, मग मिशी, मग एक डोळा. दुसरा डोळा तसाच ठेवून ते विडी ओढायला खाली उतरायचे आणि तो एकटा डोळा मोठ्ठा होऊन रस्त्याकडं बघत राहायचा. सकाळी शाळेला जाताना त्याच कापडावर नवा चेहरा असायचा. गुलाबी गाल, निळ्या सावल्या, ओला रंग. आठवडाभर त्या चेहऱ्याखालून अख्खं गाव जायचं. पुढच्या शुक्रवारी तो नसायचा.

तुमच्या वडिलांच्या हातची किती चित्रं आज शिल्लक आहेत? बहुधा एकही नाही. आणि तरी त्यांना कुणी म्हटलं नाही की तुम्ही टिकत नाही ते देता. कारण किती दिवस टिकणार हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पुढं सिनेमाकडं वळलेल्या बाबुराव आणि आनंदराव पेंटर यांनीही आधी नाटक कंपन्यांचे पडदेच रंगवले. त्या पडद्यांना घड्या पडायच्या, ते बैलगाड्यांतून हिंडायचे, विरायचे. त्यांच्या नावापुढं लागलेलं पेंटर हे धंद्याचं नाव, मूळ आडनाव मेस्त्री. आपल्या गावाच्या कलेचा पाया विरणाऱ्या कापडावर घातलेला आहे. दादांशी वाद घालू नका. एखाद्या संध्याकाळी चहा प्यायला बसून त्यांना वडिलांच्या बोर्डांबद्दल विचारा. कुठला बोर्ड सगळ्यात चांगला जमला होता, पांढरा फिरवताना वडिलांना कसं वाटायचं. तुम्हाला आठवत नसेल ते त्यांना आठवत असेल. आणि जमलं तर प्रदर्शनाची मांडणी त्यांना करायला सांगा. कुठलं चित्र कुठल्या उंचीवर, उजेड कुठून, हे त्यांना तुमच्याहून चांगलं कळतं.

वहिनींकडं स्वतः जा. मिस्टरांना पाठवू नका, फोनवर मिटवू नका. म्हणा, "वहिनी, चूक झाली. पूड पडली ती माझ्या कामातली खोट आणि पानं तपकिरी होतील हे मी सांगायला हवं होतं. पैसे परत देऊ, की दुसरं चित्र घेता?" दोन्हींची तयारी ठेवून जा, निवड त्यांना करू द्या. ४,५०० रुपये लहान रक्कम नाही, हे मला कळतं. पण हे केल्याशिवाय जानेवारीत तुम्ही त्या दालनात ताठ उभ्या राहू शकणार नाही.

आणि त्यांची परवानगी घेऊन ते बिघडलेलं चित्र प्रदर्शनात लावा. आधी फ्रीजरमधून काढा, पूड मऊ ब्रशनं झटका, नवी फ्रेम घाला. दारातून आत येताच पहिलं तेच. खाली लिहा, अमुक साली श्रावणात केलं, तेव्हा हिरवं होतं. फोटो काढून ठेवला असेल तर तो पोस्टकार्डाच्या आकारात शेजारी. त्याखाली एक टेबल ठेवा आणि त्यावर एकाच झाडाची पानं मांडा. त्या सकाळी गळालेलं, महिन्यापूर्वीचं, वर्षापूर्वीचं, तुमच्या पहिल्या वर्षी दाबलेलं, आणि शेवटी जाळी. शेजारी भिंग ठेवा. शाळेची मुलं आली तर त्यांना पानांना हात लावू द्या, मोडलं तर मोडलं. पानाचं पुढं काय होतं हे ज्याला कळलं, तो तुम्हाला भिशीतला प्रश्न विचारणार नाही.

किमतीचं थोडक्यात सांगते. फ्रेमचा खर्च, साहित्याचा खर्च, आणि किती दिवस लागले त्याची मजुरी, जी तुम्ही दुसऱ्या कारागिराला देताना संकोचणार नाही तेवढी. एकाच आकाराच्या चित्रांना एकसारखी किंमत. आवडतं चित्र महाग, नावडतं स्वस्त असं करू नका. एखादं चित्र द्यायचंच नसेल तर त्याखाली तसं स्पष्ट लिहा. ओळखीच्यांना सवलत देऊ नका, वहिनींनासुद्धा नाही.

दोन गोष्टी राहिल्या आणि त्यांबाबत मी जरा कडकच बोलणार आहे. दाजीपूर हे राधानगरी अभयारण्य आहे, १९५८ पासून. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. त्याप्रमाणं अभयारण्याच्या हद्दीतून परवानगीशिवाय काहीही उचलून आणता येत नाही, गळालेलं पान, साल, नेचा, काहीच नाही. गव्यांच्या त्या जंगलात पाचोळा म्हणजे जमिनीचं अंथरूण आहे, त्याखाली किती जीव राहतात! तिथून पिशवी रिकामीच आणा. तिथलं आणलेलं काम प्रदर्शनात लावू नका. पक्ष्यांची पिसं आणि घरटीही चित्रात नकोत. तुम्हाला कात्यायनी, रंकाळ्याची कड, रस्त्याकडंची झाडं आणि ओळखीच्यांची शेतं आयुष्यभर पुरतील.

दुसरं, मोडीचे कागद. मूळ कागद कापू नका हो! रद्दीत आलेला कागद म्हणजे कुणाच्या तरी जमिनीचा, देण्याघेण्याचा, एखाद्या खटल्याचा एकमेव पुरावा असू शकतो. बोरूनं लिहिलेली ती काळी शाई शंभर-दीडशे वर्षं टिकून तुमच्यापर्यंत आली, तिला कात्री लावायची नाही. आधी मोडी वाचणाऱ्याला दाखवा, पुराभिलेखागारात विचारा. चित्रासाठी चांगल्या कागदावर त्याची प्रत काढा आणि ती फाडा. जे आजवर कापले गेले त्यांचं आता काही करता येणार नाही, पण उरलेले आजच वेगळ्या फाइलमध्ये ठेवा.

दिवाळी नुकतीच झालीय, हवा कोरडी आहे, हाताशी २ महिने आहेत. या आठवड्यात वहिनींकडं जाऊन या, मग फ्रीजरचं बघा. फ्रेमवाल्याला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कामं द्या, लग्नसराईत ते अडकतात.

प्रदर्शनाच्या तारखा नक्की झाल्या की कळवा, मी येणार आहे. आणि वहिनींच्या चित्रातली ती पानं कुठल्या झाडाची होती, हे पत्रात लिहायचं राहिलंय. तेही कळवा.